कुरडयांच्या दिवशी धावून आलेल्या सगळ्यांचे आभार

होळी जवळ आली, सकाळचा गारठा गेला, की साताऱ्यात आमच्या गच्चीवर वाळवणं सुरू होतात. यंदा आईने ५ किलो गहू भिजत घातले, रोज पाणी बदलत होती आणि तिसऱ्या दिवशी जिन्यात पाय घसरून उजवा हात फ्रॅक्चर. मी पुण्याहून पोचेपर्यंत रात्र, गहू तर थांबत नाहीत, आंबतात. जुन्या पेठेतल्या शेजारणींना कोणी कळवलं अजून माहीत नाही, पण पहाटे साडेपाचला चौघीजणी दारात, बरोबर स्वतःचा सोऱ्या आणि एक धुवट सुती साडी! पेठेतलं ते घर सोडून आम्हाला १४ वर्षं झाली हो. एकीने गव्हाचा चीक इतका हाटला की मनगट लाल झालं, तरी गुठळी होऊ दिली नाही. आईला खुर्चीत बसवून वाटीत गरम चीक, वर दूध साखर, आणि मीठ बरोबर आहे का तेवढं तिलाच विचारायच्या. आई तेव्हा रडली. रिक्षावाल्या दादांनी तर दवाखान्यात नेऊन पैसेच घेतले नाहीत, नावही सांगितलं नाही. तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार, कुरडया वाळल्यात, डबे भरून ठेवलेत, न्यायला नक्की या.