कोरडी दिसणारी पाणथळही नकाशावर यावी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

संरक्षित जंगलांतल्या पाणथळ जागांची नोंद आता उपग्रहाच्या चित्रांवरून बसल्या जागी उरकता येते, असा समज वाढतो आहे. अशा सर्वेक्षणात मी स्वयंसेवक म्हणून चिखल तुडवला आहे, म्हणून हे पत्र.

उपग्रहाचं मोल मी नाकारत नाही. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांची चित्रं फुकट मिळतात, उघडं पाणी अवरक्त किरणं शोषून घेतं म्हणून त्यांत काळंभोर उठून दिसतं. ढग असले तर रडार कामी येतं. पण त्या चित्रातला सगळ्यात बारीक ठिपकासुद्धा जमिनीवर १० मीटरचा चौकोन असतो. झाडाच्या सावलीतलं चार पावलांचं डबकं त्यात दिसणार कुठून? त्यातून नकाशा १:५०,००० प्रमाणाचा असला, की ५० मीटरचं तळं कागदावर जेमतेम एक मिलिमीटर भरतं. ते गाळलंच जातं.

आणि बेडकांचा जीव तर याच लहान, काही महिनेच पाणी धरणाऱ्या डबक्यांवर असतो. ती आटतात म्हणून त्यांत मासे टिकत नाहीत, आणि मासे नाहीत म्हणून बेडकांची पिल्लं वाचतात.

एकदा भर उन्हात आम्ही अशाच वाळलेल्या खळग्यात गिरमिट फिरवून हातभर खोलवरची माती काढली. वर तपकिरी, खाली निळसर राखाडी, आणि मुळांच्या वाटेवर गंजाच्या तांबड्या रेघा. पाणी साचून राहिलं की मातीतला प्राणवायू संपतो आणि लोहाचा तांबूस रंग उतरतो. मुळांवाटे हवा पोचते तिथेच तेवढा गंज चढतो. शेजारी वाळक्या लव्हाळ्याचे बुडखे होते. आमच्या हातातल्या नकाशात मात्र ती नुसती ‘मोकळी जमीन’ होती. उद्या तिथून रस्ता आखला, तर आखणाऱ्याचा तरी काय दोष?

पाणथळ जागा जपण्यासाठी झालेल्या १९७१ च्या आंतरराष्ट्रीय रामसर कराराच्या व्याख्येत तात्पुरतं पाणी असलेल्या जागाही येतात. तेव्हा माझं मागणं एवढंच, की प्रत्येक जागेची पाहणी पावसानंतर एकदा आणि कोरड्या दिवसांत एकदा, पायी फिरून व्हावी. हद्द जीपीएसने घ्यावी, माती तपासावी, पाणी कुठे साचतं हे रोज गस्त घालणाऱ्या वनरक्षकाला विचारावं. आणि पाहणीची तारीख नकाशावर छापावी, म्हणजे ‘कोरडी’ ही नोंद कोणत्या महिन्यातली ते कळेल.

आपण हा विषय लावून धरावा, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक