आजी-आप्पांचं हिवाळ्यातलं वजन: रेवास पत्र

निफाड

चि. रेवा,
अनेक आशीर्वाद.

आजी-आप्पा रविवारी तुझ्याकडे पोचतील. संक्रांत होईपर्यंत तिकडेच राहू देत. इथे कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा दहाच्या खाली उतरायला लागलाय. तुझे बाबा पहाटे द्राक्षबागेत शेकोट्या पेटवायला जातात, आणि ही दोघं घरात काकडत बसतात. पुण्याला गारठा असतो, पण इथल्यासारखा हाडात शिरत नाही.

काल फोनवर तू म्हणालीस, आजींना जरा डाएटवर ठेवते, आप्पा मात्र या वयातही किती सडपातळ आहेत. तेव्हापासून हे लिहायचं मनात आहे. रेवा, मला आजींपेक्षा आप्पांच्या वजनाची काळजी जास्त आहे.

आप्पा उन्हाळ्यात 56 किलो होते, आता 53 भरले. तीन किलो म्हणजे फार नाही असं वाटेल. पण न ठरवता सहा महिन्यांत पाच टक्के वजन गेलं, तर उतारवयात ते सोडून द्यायचं नसतं. आरोग्य उपकेंद्रात नोकरी करताना मी हे फार पाहिलं. ‘वय झालं, वाळणारच’ म्हणत घरचे गप्प बसतात, आणि मागे कधी टीबी निघतो, कधी थायरॉइड, कधी नुसतं दातांचं दुखणं. आप्पांच्या तपासण्या झाल्यात, मोठं काही निघालं नाही. फाईल आजींच्या पिशवीत आहे. कवळी मात्र सैल झालीये. भाकरी चावत नाही, हे सांगायचा त्यांना संकोच वाटतो, मग ‘भूक नाही’ म्हणून ताट बाजूला सारतात. तिकडे गेल्यावर पहिल्यांदा दातांच्या डॉक्टरांकडे ने.

तोवर भाकरी कुस्करून घट्ट वरणात किंवा दुधात भिजवून दे. कुळथाचं पीठ पाठवतेय, त्याच्या शेंगोळ्या कर. बारीक वळ आणि चांगल्या मऊ शिजव. मऊ म्हणून रोज पेज आणि मऊभात देत बसू नकोस, त्याने पोट भरतं पण अंगाला काही लागत नाही. या वयात वजनाच्या दर किलोमागे एक ते सव्वा ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे आप्पांना रोज साधारण 55 ते 65 ग्रॅम. एका अंड्यात सहा, पेलाभर दुधात सहा-सात, मूठभर शेंगदाण्यात सातेक. दाणे चावणार नाहीत, तर कूट भाजीत घाल. एका जेवणात सगळं कोंबलं तर ते खाणार नाहीत, म्हणून थोडं थोडं चार वेळा दे. किडनीचा त्रास असता तर आधी डॉक्टरांना विचारावं लागलं असतं, पण त्यांचा तो रिपोर्ट चांगला आहे.

आता आजी. त्यांचं वजन जास्त आहे, गुडघे बोलतात, साखरेची गोळी चालू आहे, हे सगळं खरं. पण उपाशी ठेवून वजन उतरवलं की चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि म्हाताऱ्या माणसाला खुर्चीतून उठवतात ते स्नायूच. ते एकदा गेले की परत कमवायला फार दिवस लागतात, तोवर एखादं पडणं होऊन बसतं. थंडीत हिंडणंफिरणं कमी झाल्यावर वजन वाढतंच. या दोन महिन्यांत त्यांचं वाढलं नाही तरी पुष्कळ झालं. उतरवायचं ते पुढे, सावकाश, डॉक्टरांना विचारून.

त्यांचं खरं वाढतं ते डिंकाच्या लाडवांनी. एका मध्यम लाडवात दोनशेच्या आसपास कॅलरी असतात, म्हणजे एका भाकरीपेक्षा जरा जास्तच, आणि आजी तो जेवण झाल्यावर खातात. बंद करू नकोस, त्यांच्या जिवाला लागेल. लिंबाएवढा वळ, आणि सकाळी न्याहारीच्या जागी दे. गूळ असला तरी साखर वाढतेच, ‘गुळाचं चालतं’ असं त्या म्हणतील, तेव्हा एवढं प्रेमाने सांग. आप्पांना मात्र मोठा लाडू दे, दूध घालून मऊ केलेला. डिंक तुपात तळताना पुरता फुलू दे. मधे कच्चा राहिला तर कवळीला चिकटतो, आणि मग आप्पा लाडवालाही हात लावणार नाहीत. खारकेची पूड करूनच घाल.

मार्गशीर्षातले गुरुवार आजी सोडणार नाहीत, आणि सोडायला सांगूही नये. पण दिवसभर चहावर राहायचं आणि संध्याकाळी साबुदाणा, असं होऊ देऊ नकोस. साबुदाण्यात पिष्टाशिवाय फारसं काही नसतं. राजगिरा, दही, दूध, थोडं रताळं दे. साखरेची गोळी चालू ठेवून पोट रिकामं राहिलं तर साखर एकदम खाली येऊ शकते. घाम, थरथर, बोलण्यात गोंधळ दिसला तर उपवास बाजूला ठेवून आधी साखरपाणी दे. उपवासाच्या दिवशी गोळीचं काय करायचं, हे डॉक्टरांना पहिल्या गुरुवारच्या आधी विचार.

पाणी दोघंही कमी पितात. थंडीत तहान लागत नाही, शिवाय रात्री लघवीला उठायला नको म्हणून आजी मुद्दाम टाळतात. मग पोट साफ होत नाही आणि भूक मरते. कोमट पाणी दुपारपर्यंत जास्त पाज, संध्याकाळनंतर आपोआप कमी होईल.

फिरायला पहाटे पाठवू नकोस. गारठ्यात रक्तदाब चढतो, आणि तुमच्या रस्त्यावर सकाळी धूरही फार असतो. ऊन वर आलं की दहाच्या सुमाराला दोघांना खाली सोसायटीत ने. घरात हात न टेकता खुर्चीतून उठायचं नि बसायचं, सात-आठ वेळा, तू समोर उभी राहून. खुर्ची भिंतीला लावलेली हवी. आप्पांना हे जमेनासं झालं, तर काट्यावरचा आकडा तोच असला तरी मला कळव.

वजन पंधरा दिवसांनी, सकाळी पोट साफ झाल्यावर, एकाच काट्यावर कर. स्वेटर, शाल, मोजे काढूनच. आप्पा शाल सोडत नाहीत आणि तिच्यासकट किलोभर जास्त भरतात, मग उतरलेलं कळतच नाही. आजींचं दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं, पाय सुजले किंवा झोपल्यावर दम लागला, तर ती चरबी नसते, अंगात पाणी साठलेलं असतं. त्या दिवशी वाट बघू नकोस, लगेच दवाखान्यात ने.

आणि जेवायला दोघांना एकत्र बसव. तू ऑफिसला जाण्याआधी सकाळचं दहा मिनिटं तरी त्यांच्याबरोबर बस. माणूस समोर असलं की आप्पा दोन घास जास्त खातात. चंपाषष्ठीला भरीत-भाकरी कर, चार महिने दोघांनी वांग्याला हात लावलेला नाही.

पिशवीत कुळथाचं पीठ, बाजरी, तीळ आणि डिंक आहे. आजींच्या गोळ्यांची चिठ्ठी डब्याच्या झाकणाला चिकटवलीये. दातांच्या डॉक्टरांची वेळ ठरली की फोन कर.

तुझी,
आई