पिल्लाच्या विम्याबद्दल आप्पांना

लीड्स, इंग्लंड

ती. आप्पांस,
शि. सा. न.

परवा दादा फोनवर म्हणाला, लॅब्राडोरच्या पिल्लाचा विमा काढायचाय, दापोलीचा एजंट कागद ठेवून गेलाय. मागून तुमचा आवाज आला, "सुमीला विचार, ती तिकडे किती भरते." फोनवर एवढं सगळं नीट सांगता येत नाही, म्हणून लिहिते. दादाला आणि वहिनीलाही वाचून दाखवा.

माझ्या लॅब्राडोरचे, ब्रूनोचे, महिन्याला ४६ पौंड जातात, मनी मांजरीचे १५. दोघांचे मिळून सात हजार रुपयांच्या घरात. त्यात सरकारचा १२ टक्के विमाकर आलाच. लॅब्राडोर मोठा, शिवाय त्याच्या सांध्यांची आणि कातडीची दुखणी नेहमीची, म्हणून तो महाग. मांजर घरातल्या घरात असतं, ते स्वस्तात बसतं.

एवढे पैसे भरते कारण इथली डॉक्टरांची बिलं तशीच असतात. माणसांचे दवाखाने सरकारी, जनावरांचे नाहीत. नुसतं टेबलावर चढवून तपासायला पन्नास-साठ पौंड. कुत्र्याच्या गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं तर शस्त्रक्रियेचा खर्च तीन-चार हजार पौंडांवर सहज जातो. २०१६ ते २०२३ या काळात इथल्या पशुवैद्यांचे दर ६३ टक्क्यांनी वाढल्याचं सरकारी चौकशीतच निघालं. गरिबांच्या जनावरांसाठी पीडीएसए नावाची धर्मादाय संस्था १९१७ पासून काम करते, पण ती सरकारी मदतीवर जगणाऱ्यांसाठी. आमच्यासारख्यांनी एक तर विमा काढायचा, नाही तर पैसे साठवायचे.

आता मुख्य गोष्ट. विमा म्हटला की सगळे हप्ता विचारतात. विचारायचं असतं ते एखादं दुखणं वर्षभरानंतरही चालू राहिलं तर काय. इथे सर्वांत स्वस्त पॉलिसी फक्त अपघाताची. दुसरी एका दुखण्याला बारा महिनेच पैसे देते. तिसरी त्या दुखण्याची ठरलेली रक्कम संपेपर्यंत. चौथी दरवर्षी नूतनीकरण केलं की मर्यादा पुन्हा भरून देते, ती अर्थात सर्वांत महाग. माझी चौथी आहे. लॅब्राडोरला अंगाला खाज सुटण्याचा आजार झाला तर तो जन्मभर पुरतो. बारा महिन्यांची पॉलिसी असली तर तेराव्या महिन्यापासून सगळं आपल्या खिशातून.

शिवाय बिलातली पहिली ठरावीक रक्कम आपली. कुत्रं म्हातारं झालं की बऱ्याच कंपन्या उरलेल्या बिलाचा दहा-वीस टक्के वाटाही मालकावर टाकतात. लसी, जंताची औषधं, गोचिडांच्या गोळ्या, नसबंदी यातलं काहीच सहसा विम्यात नसतं. ते रोजच्या पालनपोषणाचं धरतात.

आणि आधीपासून असलेलं दुखणं अजिबात नाही. दावा केला की कंपनी डॉक्टरांकडून कुत्र्याची जन्मापासूनची नोंद मागवते. पॉलिसीच्या आधी डावा गुडघा लंगडत होता एवढं जरी लिहिलेलं सापडलं, तरी पुढे उजवा गुडघा गेल्यावर तोही जुन्यातच धरतात, कारण दोन्ही गुडघ्यांचं दुखणं एकच मानतात. ब्रूनोला दोनदा कानाचा संसर्ग झाला. आता मी कंपनी बदलली तर नवी कंपनी त्याचे कान वगळणार. म्हणून हप्ता दरवर्षी वाढला तरी आहे तिथेच राहावं लागतं. हे मला अन्यायाचं वाटतं, आणि दादाने सही करण्याआधी हे समजून घ्यावं असं मनापासून वाटतं.

तुम्हाला जनावराचा विमा ठाऊक आहे तो गाईच्या कानातल्या बिल्ल्याचा. गाय मेली, बिल्ला दाखवला, किंमत मिळाली. बिल्ला नाही तर दावाही नाही. आपल्याकडच्या कुत्र्यांच्या जुन्या पॉलिसीही त्याच वळणाच्या होत्या, म्हणजे कुत्रं मेल्यावर ठरलेले पैसे. उपचारांचा खर्च देणाऱ्या पॉलिसी खासगी कंपन्यांनी २०२० च्या सुमारास आणल्या. तेव्हा एजंटाला पहिला प्रश्न हा विचारा, की पिल्लू जगवायला पैसे देणार की ते गेल्यावर? गेल्यावर मिळणार असतील तर दादाने तो कागद परत करावा. आपल्याला पिल्लाची किंमत नकोय.

दुसरं, फुरसं चावलं तर ते अपघातात धरतात की आजारात? आजाराला सुरुवातीचे काही दिवस काही देत नाहीत, इथे ते १४ असतात. आपल्या कातळावर आणि काजूच्या बागेत फुरसं काही कागद बघून चावत नाही. साप चावल्यावर द्यायचं विषावरचं इंजेक्शन कुत्र्यांनाही बहुधा माणसांचंच देतात, आणि बरेचदा एका बाटलीत भागत नाही. ते जवळपास कोणाकडे मिळतं ते पावसाआधी विचारून ठेवा.

तिसरं, लसीकरणाचं कार्ड. लशीने टळणारा रोग लस न देता झाला तर कंपन्या हात वर करतात. पार्व्हो आहे, रेबीज आहे, आणि आपल्याकडे लेप्टो. पावसाळ्यात उंदरांच्या मुतातून लेप्टो पाण्यात येतो, पिल्लू खाचरात खेळणार आणि तेच पाणी पिणार. त्याला झाला तर त्याच्याकडून घरातल्या माणसांनाही होऊ शकतो. ती लस दरवर्षी द्यावी लागते. गोचीडतापालाही जपायला हवं. हिरड्या पांढऱ्या पडल्या, ताप आला, लघवी काळपट झाली तर सकाळची वाट पाहू नका. गोचिडांच्या गोळ्या आधीपासून वेळेवर दिल्या तर बरंच टळतं, आणि त्या गोळ्यांचे पैसे पॉलिसी सहसा देत नाही.

म्हणून माझं मत असं. पिल्लाचा विमा काढायचाच तर आत्ता काढा. अजून त्याच्या नावावर एकही दुखणं नाही, आणि वय वाढलं की नवी पॉलिसी मिळणं अवघड होतं. पण हप्ता भरण्यासाठी लस नि गोळ्या चुकवाव्या लागणार असतील, तर विमा नको. तेवढे पैसे दर महिन्याला पोस्टात वेगळे टाका. कधी पिल्लाला मुंबईला परळच्या जनावरांच्या बैलघोडा हॉस्पिटलात न्यायची वेळ आली, तर गाडीभाड्यालाच बरेच लागतील, आणि ते भाडं विमा देईल असं धरून चालू नका.

आपल्या वाघ्या कुत्र्याचं वय झालंय, त्याच्या विम्याच्या भानगडीत पडू नका. त्याचा खर्च मी पाठवत जाईन, हे दादाला स्पष्ट सांगा, तो संकोच करतो. रात्री त्याला पडवीत साखळीला बांधू नका, आत घ्या. बिबट्या आला तर बांधलेल्या कुत्र्याला पळताही येत नाही.

एजंटाने दिलेल्या कागदांचे फोटो वहिनीने मला पाठवावेत. पहिलं चकचकीत पान नको, मागची बारीक अक्षरातली सगळी पानं हवीत. रविवारी बसून वाचते आणि फोन करते. तोवर सही नको.

आईला सा. न.

तुमची,
सुमी