‘गद्दार’ म्हणण्याआधी करार वाचा

महोदय,

जुनाजाणता बास्केटबॉलपटू संघ सोडून गेला की चाहत्यांत निष्ठेवरून जुंपते. पण एनबीएत (अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये) संघ सुटण्याचे तीन प्रकार आहेत. करार संपल्यावर खेळाडू दुसरीकडे सही करतो, करार चालू असताना तोच ‘मला पाठवा’ म्हणतो, किंवा संघ त्याला न विचारता ‘ट्रेड’ करतो, म्हणजे अदलाबदलीत दुसऱ्या संघाला देऊन टाकतो. शिव्या मात्र तिघांनाही सारख्याच पडतात.

सर्वाधिक बोलणी रे ॲलनने खाल्ली. जुलै 2012 मध्ये तो बॉस्टन सेल्टिक्समधून मायामी हीटकडे गेला. बॉस्टन वर्षाला सुमारे 60 लाख डॉलर देऊ करत होतं. मायामीकडे जेमतेम 30 लाखच होते, कारण लक्झरी टॅक्स (पगारखर्च ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्यावर लीगला भरायचा दंड) भरणाऱ्या संघाला बाहेरच्या खेळाडूसाठी तेवढीच रक्कम देण्याची मुभा होती. निम्म्या पैशात गेला, तेही महिन्यापूर्वी बॉस्टनला हरवणाऱ्या संघाकडे, म्हणून चाहते खवळले. त्याआधीचे महिने मात्र सगळे विसरतात. त्याला मेम्फिसला धाडण्याचा व्यवहार जवळजवळ ठरून फिसकटला होता. घोटा दुखावल्यावर सुरुवातीच्या पाचातली त्याची जागा एव्हरी ब्रॅडलीला मिळाली. शिवाय ॲलनचा निर्णय होण्याआधीच बॉस्टनने त्याच्याच जागेवर खेळणाऱ्या जेसन टेरीशी बोलणी पक्की केली होती. नव्या मोसमाच्या पहिल्याच सामन्यात ॲलन बॉस्टनच्या बाकापाशी भेटायला गेला, तर जुना सहकारी केविन गार्नेटने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. गंमत म्हणजे पुढच्याच वर्षी आपला ‘नो-ट्रेड’ हक्क (ट्रेड अडवण्याचा करारातला हक्क) सोडून गार्नेट ब्रुकलिनला गेला!

आता डेमियन लिलार्ड पाहा. पोर्टलँडमधला निष्ठेचा पुतळाच तो. जुलै 2022 मध्ये त्याने 2026-27 पर्यंतच्या मुदतवाढीवर सही केली आणि वर्षभरात ट्रेड मागितला, तोही मायामीलाच. पोर्टलँडने त्याला मिलवॉकीला पाठवलं. माझ्या मते करार पुरा करून गेलेल्या ॲलनपेक्षा इथे जाब विचारायला जास्त जागा आहे. अशी मागणी जाहीर झाली की समोरचे संघ भाव पाडून मागतात, आणि नुकसान मागे राहणाऱ्यांचं होतं.

संघाच्या निष्ठेबद्दल तर कुणी बोलतच नाही. नऊ मोसम टोरांटोत काढलेल्या डेमार डेरोझनला 2018 मध्ये क्वाय लेनर्डच्या बदल्यात सॅन अँटोनिओला पाठवलं, आणि पुढच्याच वर्षी टोरांटोने विजेतेपद जिंकलं. व्यवहार शहाणपणाचाच होता, पण त्याला गद्दारी म्हणणारे फारसे भेटत नाहीत. ट्रेड अडवण्याचा हक्क करारात घालून घ्यायचा तर लीगमध्ये आठ आणि त्या संघात चार वर्षं झालेली लागतात. पात्र झाल्यावरही तो मोजक्यांनाच मिळतो.

‘पैशासाठी गेला’ हा आरोपही तपासून करावा. जुना संघ आपल्या खेळाडूला पाच वर्षांचा करार आणि 8 टक्क्यांपर्यंत वार्षिक वाढ देऊ शकतो. नव्या संघाला चार वर्षं आणि 5 टक्के एवढीच मुभा असते. म्हणजे नियमाने देता येणारी कमाल रक्कम मिळू शकणारा खेळाडू निघून गेला, तर बहुधा पैसे सोडून गेलेला असतो. उतारवयातल्या खेळाडूला मात्र जुना संघ कमाल रक्कम देतच नाही, आणि खरी घासाघीस तिथेच होते.

तेव्हा विनंती एवढीच, की अशा बातमीत नुसता एकूण आकडा छापू नये. मुदत किती, हमीची रक्कम किती, शेवटचं वर्ष खेळायचं की नाही हे ठरवण्याचा पर्याय कोणाकडे (खेळाडूकडे की संघाकडे) आणि जुन्या संघाने काय देऊ केलं होतं, हेही द्यावं.

आपला,
एक बास्केटबॉलप्रेमी वाचक