पेशींचे संदेश, मिरगीची गोळी आणि खानदेशातील मुले : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांच्या आयांना आमच्या खानदेशात आजही ‘गरोदरपणी ग्रहण पाळलं नसेल’ किंवा ‘पोराला मोबाइल देऊन बसवलं असेल’ असे ऐकवले जाते. मी जीवशास्त्राचा शिक्षक आहे. मेंदूच्या जडणघडणीविषयी विज्ञानाला जे उमगले आहे, त्यात या आरोपांना कोणताही आधार नाही. शासनाने कधी आणि कोठे लक्ष घालावे हे मात्र त्यातून कळते, म्हणून हे पत्र.

गर्भधारणेनंतर तिसऱ्या आठवड्यात भ्रूणाच्या पाठीकडील पेशींचा थर दुमडू लागतो आणि सुमारे अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत त्याची बंद नळी होते. तिच्यातूनच पुढे मेंदू आणि मज्जारज्जू घडतात. या नळीच्या पोटाकडील बाजूने ‘सोनिक हेजहॉग’ नावाचा, तर पाठीकडील बाजूने ‘बीएमपी’ आणि ‘विंट’ या कुळांतील संदेशवाहक रेणू पाझरतात. पाटाच्या तोंडाजवळच्या वाफ्याला जास्त आणि टोकाच्या वाफ्याला कमी पाणी मिळावे, तसा प्रत्येक पेशीला प्रत्येक रेणू कमी-अधिक पोहोचतो आणि त्या प्रमाणावरून तिने कोणती चेतापेशी व्हायचे हे ठरते. पुढच्या महिन्यांत पेशींनी किती वेळा विभागायचे, कोठे सरकायचे आणि कोणाशी जुळायचे, हेही अशाच संदेशांवर चालते. स्वमग्नतेशी जोडली गेलेली कित्येक जनुके याच यंत्रणेत काम करतात : ‘सीएचडी८’ इतर जनुकांची उघडझाप सांभाळते, ‘पीटेन’ आणि ‘टीएससी’ पेशींच्या वाढीच्या संदेशाला लगाम घालतात. पाच देशांतील वीस लाखांहून अधिक मुलांच्या २०१९ मधील अभ्यासात स्वमग्नतेतला आनुवंशिक वाटा सुमारे ८० टक्के आढळला. आईच्या वागण्याला दोष देणाऱ्यांना हे कोणी तरी अधिकारवाणीने सांगायला हवे.

मात्र बाहेरून या संदेशांत ढवळाढवळ करणारी एक गोष्ट आपल्या हातातली आहे. मिरगीवर दिले जाणारे व्हॅल्प्रोएट हे औषध, जनुके मिटून ठेवणाऱ्या विकरांना (एन्झाइम्सना) अडवते. डेन्मार्कमधील २०१३ च्या अभ्यासात, गर्भात असताना या औषधाच्या संपर्कात आलेल्या मुलांमध्ये स्वमग्नतेचा धोका ४.४२ टक्के, तर एकूण मुलांमध्ये १.५३ टक्के दिसला. आपल्याकडे गर्भवतीची नोंद होईपर्यंत ती नळी बहुधा केव्हाच मिटलेली असते, त्यामुळे गरोदरपणाच्या पहिल्या तपासणीला दिलेली सूचना उशिराची ठरते. म्हणून मूल होण्याच्या वयातील प्रत्येक मिरगीग्रस्त स्त्रीला औषध लिहून देतानाच हा धोका तिच्या भाषेत सांगावा, लेव्हेटिरासेटाम आणि लॅमोट्रिजिन हे पर्याय ग्रामीण रुग्णालयांत नियमित मिळावेत, आणि डॉक्टरांना न विचारता गोळी एकदम थांबवणे जिवावर बेतू शकते, हेही त्याच वेळी बजावावे.

दुसरे दुखणे बाजाराचे आहे. स्वमग्नतेवर मूळपेशींची, म्हणजे स्टेम सेलची, इंजेक्शने देणाऱ्यांच्या जाहिराती शेतकरी पालकांपर्यंत पोहोचतात आणि आशेपोटी जमिनी गहाण पडतात. गर्भातल्या ठरावीक आठवड्यांत जी रचना झाली, ती वर्षांनंतर टोचलेल्या पेशी पुन्हा घडवतात असा पुरावा नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमत्ता मंडळाने २०२२ मध्ये हा उपचार शिफारसयोग्य नसल्याचे स्पष्ट केले आहे. त्याची अंमलबजावणी जिल्हा शल्यचिकित्सकांकडून व्हावी, ही माझी कळकळीची विनंती आहे.

चेतापेशींचे परस्परांशी जुळणे जन्मानंतरही वर्षानुवर्षे चालू राहते, आणि खरी मदत तेव्हाच करता येते. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाड्यांमधून मुलांची तपासणी होते, तर दिव्यांग हक्क कायदा २०१६ ने स्वमग्नतेला दिव्यांगत्व मानले आहे. परंतु धडगाव किंवा अक्कलकुव्याच्या पाड्यावर प्रमाण मराठीत विचारलेला प्रश्न आईला समजत नाही, आणि तिचे ‘हो’ कागदावर चुकीची नोंद होऊन बसते. अठरा महिन्यांच्या मुलाविषयी विचारायचे प्रश्न अहिराणी, भिली आणि पावरीत तयार करावेत. ‘पोऱ्याले हाक मारी तं तो दखस का?’ एवढे विचारले तरी आई मोकळेपणाने बोलू लागते. संशय आलेल्या मुलाला तपासून शिकवणारे वाचा-उपचारतज्ज्ञ आणि बालमानसतज्ज्ञ जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रांत कायमस्वरूपी नेमावेत, आणि सातपुड्यातल्या पालकांना दर आठवड्याला शहराचा प्रवासखर्च सोसावा लागू नये म्हणून या तज्ज्ञांचे दिवस तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातही ठरवून द्यावेत.

आपला विश्वासू,
एक जीवशास्त्र शिक्षक, अमळनेर, जि. जळगाव