म्हाताऱ्या माणसांच्या चहा-टोस्टवर कुणीतरी लिहा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारी तुमच्या आरोग्य पुरवणीत शरीरातली सूज कमी करणाऱ्या आहारावर लेख आला होता, तो वाचला. विषय फार चांगला निवडलात, पण त्यात खायला काय सांगितलंय तर ब्लूबेरी, सॅल्मन मासा, अ‍ॅव्होकॅडो आणि ऑलिव्ह ऑइल. माझं मंगळवेढ्यात मेडिकलचं दुकान आहे, साठीच्या पुढची माणसं हीच माझी निम्म्याच्या वर गिऱ्हाईकं, आणि यातली एकही वस्तू त्यांच्या घरात येत नाही. जे रोज येतं त्याबद्दल लेखात एक ओळ पण नव्हती, म्हणून हे पत्र लिहितोय.

शुगरच्या गोळ्या देताना मी विचारतोच की सकाळी काय खाल्लं, कारण काही गोळ्या उपाशीपोटी घेतल्या तर शुगर एकदम खाली जाते. उत्तर जवळजवळ ठरलेलं असतं, चहा आणि टोस्ट, नाहीतर खारी, नाहीतर बिस्कीट. दुपारी मऊ भात आणि वरचं पातळ वरण, किंवा दुधात चपाती कुस्करून वर चमचाभर साखर. चार वाजता परत चहा-बिस्कीट, आणि रात्री जड नको म्हणून परत भात. दात पडलेत, कवळी टोचते, सून नोकरीला जाते, कुणाची पोरं पुण्याला आणि घरात दोघंच म्हातारी, त्यामुळे जे चावायला लागत नाही आणि करायला लागत नाही ते खायचं. आणि यात कुणाला काही चूक वाटत नाही हे जास्त वाईट आहे. आजारी माणसाला भेटायला जाताना सुद्धा आपण बिस्किटाचा पुडाच नेतो ना!

हिशोब करून बघा. दिवसाला चार कप चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे ३५-४० ग्रॅम साखर नुसती चहातून गेली, बिस्कीट-टोस्टमधली वेगळीच. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात दिवसाला साधारण २५ ते ३० ग्रॅमच्या आतच साखर ठेवा असं सांगितलंय. आपल्याकडच्या एकूण आजारांच्या ओझ्यापैकी ५६ टक्क्यांहून जास्त ओझं चुकीच्या आहारामुळे आहे असा अंदाज पण त्यातच दिलाय.

आता सूज म्हणजे काय ते. पाय मुरगळला की सुजतो आणि आठवड्यात उतरतो, ती सूज शरीराच्या भल्याची. ही दुसरी सूज दिसत नाही, दुखत नाही आणि उतरत पण नाही. पोटात आतड्यांभोवती, लिव्हरमध्ये जी चरबी साठते ती गप्प बसून राहत नाही, तिच्यातून अशी रसायनं रक्तात येत राहतात की इन्सुलिनचं काम नीट होत नाही, मग शुगर वाढते, ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तातली चरबी वाढते, रक्तवाहिन्यांचं अस्तर खराब होतं. वय वाढेल तशी ही बारीक सूज आपोआप पण थोडी वाढतेच, इटलीचे शास्त्रज्ञ क्लाउडिओ फ्रान्सेस्की यांनी २००० साली हे मांडलं. त्यात दुसरीकडे म्हातारपणी स्नायू झडतात, आणि जेवणानंतरची साखर शोषून घेण्याचं सगळ्यात मोठं काम स्नायूच करतात. म्हणजे साखर ठेवायची जागा कमी होत चाललीय आणि आपण वरून टोस्ट, बिस्कीट, भात घालतोय.

लोक मला म्हणतात आमचा म्हातारा तर काडीसारखा आहे, त्याला कुठली चरबी. या प्रश्नावर पुण्यातच मोठं काम झालंय. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा फोटो २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता, दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २२.३, अगदी सारखा, पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. वरून दोघंही सडपातळच दिसतात. म्हणून काट्यावरचं वजन बघून निर्धास्त होऊ नका, कंबरेला टेप लावा. आपल्याकडे पुरुषाची ९० सेंटिमीटरच्या वर आणि बाईची ८० च्या वर गेली की सावध व्हायचं. सोबत उपाशीपोटीची शुगर, तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी सांगणारी टेस्ट, ट्रायग्लिसराइड आणि बीपी, एवढं कळलं तरी चित्र स्पष्ट होतं. सीआरपी (रक्तातून सूज मोजायची टेस्ट) घातलेली दोन-तीन हजारांची पॅकेजं प्रत्येक म्हाताऱ्या माणसाने करत बसायची काही गरज नाही, डॉक्टरांनी सांगितली तरच करा.

मंगळवेढा म्हणजे ज्वारीचं कोठार. इथल्या मालदांडी ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि त्याच गावात म्हातारी माणसं सकाळी मैद्याचा टोस्ट बुडवून खातायत याचं मला खरंच वाईट वाटतं. पण मी नुसतं ज्वारी खा म्हणून सांगणार नाही, कारण ते अर्धवट आहे. आयसीएमआर-इंडियाब या डायबेटिसच्या देशभरातल्या पाहणीचा आहारावरचा अभ्यास २०२५ मध्ये आला, त्यात दिसलं की भारतीय माणसाची ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून, म्हणजे धान्य-साखरेतल्या पिठूळ-गोड भागातून येते, आणि नुसतं पांढरं धान्य काढून त्या जागी गव्हाचं किंवा ज्वारी-बाजरीचं पीठ आणलं तर डायबेटिसचा धोका कमी झालेला दिसत नाही. एकूण कर्बोदकंच कमी करून त्या जागी डाळी, दूध-दही यातलं प्रोटीन वाढवलं तर फरक दिसतो. म्हणजे दोन भाकरी आणि बोटभर चटणी असं जेवण असेल तर ते बदलायला लागेल, एक भाकरी आणि वाटी भरून कालवण असं झालं पाहिजे. नुसतं वरचं पाणी नको, खालची डाळ घ्या.

आणि दात नाहीत हे कारण मला पटत नाही, कारण दात नसलेल्या माणसांसाठी आपल्याकडे आधीपासून किती पदार्थ होते. हुलग्याचं माडगं घ्या, हुलग्यात १०० ग्रॅमला २२ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन असतं, आणि माडगं प्यायलाच असतं, फक्त गूळ न घालता मीठ-जिऱ्याचं करायचं. ताकातली आंबील, पिठलं, मुगाची डाळ घोटून, मटकीची उसळ शिजवून रवीने घुसळलेली, मेथी-चाकवताची गरगट भाजी, शेंगदाण्याचा बारीक कूट, जवसाची चटणी दह्यात कालवून. खाणाऱ्याला उकडलेलं अंडं. भाकरी आमटीत चुरून अर्धा तास ठेवली की बिनदाताचं माणूस पण खातं. यातलं काही महाग नाही आणि ऑलिव्ह ऑइल लागत नाही. फक्त किडनीचा त्रास असेल तर प्रोटीन किती घ्यायचं ते डॉक्टरांना विचारून, एवढं मात्र लेखात ठळक छापा.

एकादशीचं पण लिहितो, पंढरपूर आमच्या शेजारी आणि घरोघरी माळकरी. महिन्यातून दोनदा साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, वर गोड चहा. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. उपवास सोडा असं मी कुणाला म्हणत नाही, मी स्वतः करतो, पण भगर थोडी आणि शेंगदाण्याची आमटी जास्त, राजगिऱ्याची भाकरी, ताक, असं केलं तर उपवास पण होतो आणि शुगर पण सावरते. जे ग्लिमेपिराइडसारखी शुगर खाली आणणारी गोळी किंवा इन्सुलिन घेतात त्यांनी मात्र आदल्या दिवशीच डॉक्टरांना विचारून डोस ठरवून घ्यावा. उपवासाला गोळी तशीच घेतली आणि दुपारी घाम येऊन चक्कर आली असे पेशंट आमच्याकडे होतात. दिवसातून दोनच वेळा जेवायचं डाएट करणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना पण हेच लागू आहे.

दुसरं म्हणजे गुडघे. गुडघा दुखला की चिठ्ठीशिवाय सूज उतरायची गोळी मागायला येतात, मी नाही म्हटलं तर रागावतात. शुगर आणि बीपीवाल्या म्हाताऱ्या माणसाने डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या महिनोनमहिने खाल्ल्या तर किडनीवर जातं, हे सांगून सांगून घसा बसतो. आता त्यात हळदीच्या कॅप्सूलची भर पडलीय, तुमच्याच पेपरात अर्ध्या पानाच्या जाहिराती असतात. आहारातल्या कुठल्या गोष्टी सूज वाढवतात आणि कुठल्या कमी करतात याचं अमेरिकेत साउथ कॅरोलायना विद्यापीठात जे मोजमाप तयार झालं, त्यातल्या ४५ गोष्टींत हळद, लसूण, आलं, कांदा सगळं आहे हे खरं. पण ते रोजच्या जेवणातलं. मोठ्या डोसच्या, मिरीचा अर्क घातलेल्या हळदीच्या कॅप्सूल खाऊन लिव्हरला इजा झाल्याच्या केसेस अमेरिकेत नोंदल्या गेल्यात, आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर विचारल्याशिवाय त्या घेऊच नयेत. आमटीतली हळद खुशाल खा, पण तिच्या जिवावर साखर खाऊ नका.

सरकारबद्दल एकच. २०२२ च्या दिवाळीला १०० रुपयात आनंदाचा शिधा दिला, त्यात रवा, साखर, चणाडाळ एकेक किलो आणि पामतेल एक लिटर. गरिबाची दिवाळी गोड व्हावी हा हेतू चांगलाच होता, लोकांना आनंद झाला हे मी डोळ्याने बघितलंय. पण असा शिधा परत कधी काढला तर साखर-तेल अर्धं करून डाळ दुप्पट करा, हुलगे-मटकी घाला, शेंगदाणे घाला. रेशनवर गहू-तांदूळ मोफत आहे, डाळ विकत घ्यायला लागते, मग ज्या घरात दोघं म्हातारी निराधार योजनेच्या पैशावर जगतात तिथे ताटात काय वाढेल हे वेगळं सांगायला नको.

आता या वयात काय फरक पडणार असं बरेच जण म्हणतात. अमेरिकेत डायबेटिस टाळण्याचा मोठा प्रयोग झाला, २००२ मध्ये त्याचे निकाल आले. डायबेटिसच्या उंबरठ्यावरच्या लोकांचा आहार सुधारला, रोज चालायला लावलं, थोडं वजन उतरवलं, तर डायबेटिस होण्याचं प्रमाण एकूण ५८ टक्क्यांनी कमी झालं, आणि साठीच्या वरच्यांमध्ये तब्बल ७१ टक्क्यांनी. तरुणांपेक्षा म्हाताऱ्या माणसांना जास्त फायदा झाला! हे तुमच्या पुरवणीत मोठ्या अक्षरात यायला पाहिजे.

तर माझी विनंती अशी आहे की पुरवणीत महिनाभर दर रविवारी एक पदार्थ छापा, दात नसलेल्या, शुगर असलेल्या माणसाला खाता येईल असा, आणि तो गावातल्या बायकांकडूनच मागवा, माडगं आणि आंबील त्यांना आहारतज्ज्ञांपेक्षा चांगली येते. आहारतज्ज्ञांनी फक्त किती खायचं आणि कुणी टाळायचं ते खाली लिहावं. अक्षर मोठं ठेवा, म्हणजे म्हाताऱ्या माणसांना स्वतःला वाचता येईल. मी ते पान कापून दुकानाच्या काउंटरवर लावीन. आणि हळदीच्या कॅप्सूलच्या जाहिराती घेताना निदान रक्त पातळ करण्याच्या गोळ्यांचा इशारा त्यात आहे का ते तपासून घ्या.

आपला,
एक औषध दुकानदार,
मंगळवेढा, जि. सोलापूर