मेश कापायला शिकवलंत, त्याबद्दल

आदरणीय मॅडम,
सा. न. वि. वि.

समोर आभार मानले की तुम्ही "बरं बरं, रिझल्ट दाखव" म्हणून विषय बदलता. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय. सीएईत (संगणकावर ताण वगैरे तपासण्याच्या कामात) नव्याने आलेल्या कुणाच्या हातात तशीच फाइल पडली, तर त्यालाही उपयोग होईल.

ते ओतीव बेअरिंग हाउसिंग, म्हणजे बेअरिंग धरून ठेवणारं घर, तुमच्या लक्षात असेलच. अखंड हाउसिंगऐवजी कॅप आणि पाया असे दोन भाग केले तर ताण कसे बदलतील, एवढाच क्लायंटचा प्रश्न. पण त्यांच्याकडे कॅड, म्हणजे मूळ संगणकीय आराखडा, राहिलं नव्हतं. हाती होती एक जुनी आयएनपी (गणनेची इनपुट) फाइल, म्हणजे नुसती मेश: भागाचे छोट्या एलिमेंटमध्ये केलेले तुकडे, इथे दहा नोडचे (बिंदूंचे) टेट्रा, म्हणजे चार फलकांचे एलिमेंट. खाली जॉमेट्री नाही, सरफेस नाही, काही नाही.

तुमचं स्वतःचं काम बाजूला पडलं होतं, तरी तुम्ही माझ्या टेबलापाशी बसलात आणि सॉफ्टवेअर न उघडता कागद ओढलात. जॉमेट्री कापणं आणि मेश कापणं ही दोन निराळी कामं आहेत, हे तुम्ही आधी स्पष्ट केलंत. जॉमेट्रीवर प्लेनने (सपाट पातळीने) कट मारला की मेशर, म्हणजे मेश करणारा प्रोग्राम, त्या कटाला मानतो. दोन्ही घनांचा मधला फेस (पृष्ठ) एकच राहील एवढं पाहायचं, त्यासाठीच जीमेश या सॉफ्टवेअरमध्ये फ्रॅगमेंट आणि सलोममध्ये पार्टिशन ही सोय आहे. मेशला मात्र प्लेनचा पत्ताच नसतो. सेंट्रॉइड (एलिमेंटचा मध्यबिंदू) प्लेनच्या कुठल्या बाजूला आहे ते बघून एलिमेंट वाटले, तर कड करवतीच्या दातांसारखी येते. दाखवायच्या चित्राला ते चालेल. पण त्या कडेवर कॉन्टॅक्ट (दोन भाग एकमेकांना टेकतात ही अट) दिला तर प्रत्येक दातावर ताणाचं खोटं टोक उभं राहतं.

मग तुम्ही एक टेट्रा काढून दाखवलात. प्रत्येक नोडचं प्लेनपासूनचं चिन्हासह अंतर काढायचं: वर धन, खाली ऋण. कडेच्या दोन टोकांची चिन्हं वेगळी असली की ती कड प्लेनला छेदते आणि छेदबिंदू त्या दोन अंतरांच्या प्रमाणात मिळतो. एक नोड एका बाजूला आणि तीन दुसऱ्या बाजूला असतील तर छेद त्रिकोणी, तुकडे एक टेट्रा आणि एक वेज (दोन त्रिकोणी आणि तीन चौकोनी फेसचा घन). दोन-दोन असतील तर छेद चौकोनी आणि दोन वेज. इथपर्यंत कुणीही सांगेल.

मला खरं ऋण वाटतं ते पुढच्या भागाचं. वेजचे तीन टेट्रा करायचे तर त्याच्या तिन्ही चौकोनी फेसवर कर्ण निवडावा लागतो आणि तोच कर्ण शेजारच्या एलिमेंटनेही निवडलेला असावा लागतो. तिन्ही कर्ण एकाच दिशेने गोल फिरले, तर नवा नोड घातल्याशिवाय त्या वेजचे टेट्रा होतच नाहीत. गणितज्ञ शोनहार्ट यांचा १९२८ सालचा प्रसिद्ध बहुफलक याच जातीचा. त्यावर तुमचा उपाय एका ओळीचा होता: प्रत्येक चौकोनात सर्वांत लहान क्रमांकाच्या नोडमधून कर्ण काढ. दोन्ही शेजारी तोच कर्ण निवडतात आणि गोल फिरण्याचा प्रश्नच उरत नाही. इतकी साधी युक्ती कुणी इतक्या सहज देऊन टाकतं, याचं मला अजून नवल वाटतं.

प्लेनच्या अगदी जवळचे नोड कापण्याआधीच प्लेनवर सरकवून घ्यायचे, नाहीतर कागदासारखे पातळ एलिमेंट निघतात, हेही तुमचंच. बोअरचा, म्हणजे बेअरिंग बसतं त्या गोल भोकाचा, आकार बिघडेल अशी मला धास्ती होती. प्लेन बोअरच्या अक्षातून जातं, म्हणून बोअरच्या पृष्ठभागाला काटकोनात भेटतं, तिथे नोड पृष्ठभागालगतच सरकतात, हे तुम्ही पेन्सिलीच्या दोन रेघांत दाखवलंत. टेट्राच्या कडांच्या मध्यावरचे नोड आधी काढून टाकायचे, चार नोडच्या टेट्रावर कापायचं आणि शेवटी ते पुन्हा घालायचे. त्यांतले बोअरवरचे परत त्रिज्येवर ढकलायचे, नाहीतर गोलाई चपटी होते.

आणि प्लेनवरचे नोड दुहेरी करून एक संच कॅपला, एक पायाला दिल्यावर तुम्ही बजावलंत: "आता सवयीने इक्विव्हलन्स मारू नकोस, परत शिवलं जाईल." (इक्विव्हलन्स म्हणजे एकाच जागी असलेले नोड एक करणं.)

रुंदीच्या मध्यावरचा सिमेट्रीचा कट (अर्धंच मॉडेल सोडवता यावं म्हणून घेतलेला) त्यामानाने सोपा होता. कापलेल्या फेसवर लंब दिशेचं सरकणं शून्य, भार निम्मा. नैसर्गिक वारंवारता काढताना मात्र अर्धं मॉडेल वापरायचं नाही, कारण कंपनाचे असममित मोड (प्रकार) त्यात दिसतच नाहीत, हे तुम्ही जाता जाता सांगितलंत. मी ते वहीत ठळक लिहून ठेवलंय.

तो अहवाल क्लायंटने स्वीकारला. या कापण्याची स्क्रिप्ट आता टीममध्ये सगळे वापरतात, कर्णाच्या नियमावर टीप लिहून ठेवलीय. पुढच्या हाउसिंगचं कॅड मिळालंय, त्यामुळे हेक्सा स्वीप (विटेसारख्या सहा फलकांच्या एलिमेंटची मेश) करायचा विचार आहे. बोल्टच्या भोकांभोवती चौकोनी कट घ्यावेत की गोल, यावर तुमच्याशी वाद घालायला गुरुवारी येते. चहा माझ्याकडून.

आपली नम्र,
पलीकडच्या रांगेतली